रोमन नोंदवही, आठवडा सहावा: ब्रूटसचं नाणं

गेल्या नोंदीत म्हटलं होतं, तयार इतिहासग्रंथ थोडे दिवस बाजूला ठेवून मूळ साधनांना हात घालते. या आठवड्यात एकच वस्तू धरली: ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसचा देनारियस, म्हणजे चांदीचं रोमन नाणं.

सुरुवात कॅशियस डिओ या रोमन इतिहासकारापासून. ‘लाकुस कुर्तियस’ या संकेतस्थळावर त्याचा इतिहास इंग्रजी भाषांतरात मोफत वाचता येतो. ४७व्या ग्रंथाच्या २५व्या प्रकरणात तो सांगतो, की ब्रूटसने नाण्यांवर स्वतःचा चेहरा, एक टोपी आणि दोन खंजीर उमटवले. पण डिओ लिहितोय सीझरच्या खुनानंतर जवळपास अडीचशे वर्षांनी. त्यामुळे नाणं स्वतः पाहिल्याशिवाय चैन पडेना.

ते सापडलं अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यांच्या सूचीत. क्रमांक ५०८/३, हे क्रमांक नाणेतज्ज्ञ क्रॉफर्ड यांच्या १९७४च्या ग्रंथातले. आधी एक अख्खी संध्याकाळ फुकट गेली, कारण मी ‘इदिबुस’ (‘ईद्सला’ या अर्थाचा लॅटिन शब्द) या नेहमीच्या स्पेलिंगने शोधत होते. नाण्यावर जुन्या वळणाने ‘एइद मार’ आहे, म्हणजे मार्चचे ईद्स, १५ मार्च, सीझरच्या खुनाचा दिवस. नवीन मंडळींनी नाण्यावरचा मजकूर शोधताना नाण्यावरची अक्षरं जशीच्या तशी टाकावीत.

फोटो मोठा करून कितीतरी वेळ बघत बसले. दोन्ही खंजिरांच्या मुठी वेगवेगळ्या आहेत! एक ब्रूटसचा, दुसरा त्याचा कटातला साथीदार कॅशियस (इतिहासकार डिओ नव्हे) याचा असावा, असं मला तरी वाटतं. मधली टोपी म्हणजे ‘पिलेउस’. ‘पर्सियस’ या संकेतस्थळावर लुईस-शॉर्टचा लॅटिन कोश आहे, त्यात शब्द उघडला: डोक्याला घट्ट बसणारी, अर्ध्या अंड्याच्या आकाराची नमद्याची टोपी, गुलामाला मुक्त करताना दिली जाणारी. पुन्हा नाण्याकडे वळले, तर तेच अर्धं अंडं समोर! अंगावर काटा आला.

स्टॅनफर्डच्या ‘ऑर्बिस’वर, म्हणजे रोमन काळातल्या प्रवासाचा वेळ काढून देणाऱ्या नकाशावर, रोम ते फिलिपी (जिथे ब्रूटस शेवटची लढाई हरला) हा प्रवासही काढून पाहिला. ब्रुंदिसियमहून समुद्र ओलांडायचा, मग एग्नाशियन मार्गाने पूर्वेकडे. महिना बदलला की प्रवासाला लागणारे दिवस बदलतात. मात्र त्यातलं चित्र साधारण इ.स. २००चं आहे, म्हणून इ.स.पू. ४२च्या लढाईला ते दिवस थेट लावू नयेत.

शिलालेखांचे हायडेलबर्ग आणि क्लाउस-स्लाबी हे दोन संग्रह नुसते उघडून पाहिले.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. रोमच्या नाण्यांवर हयातीत चेहरा झळकलेला पहिला रोमन सीझर, इ.स.पू. ४४ मध्ये. त्याला मारणाऱ्या ब्रूटसनेही दीड-दोन वर्षांत तेच केलं. म्हणून आता सूचीतला क्रमांक ४८० घेतलाय, सीझरच्या चेहऱ्याची नाणी. त्यांचे साचे एकेक करून तपासतेय.