पिकअपच्या मागं सायकल ठेवता, चोरीले नाही जात का?

तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहितो, नाहीतर रस्त्यावर उभ्या उभ्या मी दोन वाक्यांत उरकून टाकतो आणि मग घरी आल्यावर वाटतं की अर्धं सांगायचं राहिलंच. नागपूरला ब्रेव्हे नावाची लांब पल्ल्याची सायकल राइड असते, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात, तिथं माझी सायकल बोलेरो पिकअपमधून उतरताना दिसली की कोणी ना कोणी विचारतंच, अन् कळमन्याच्या मार्केटात कॅरेट उतरवणारे तर हमखास, "काय जी भाऊ, उघड्या गाडीत एवढी महागाची सायकल, चोरीले नाही जात का?"

आमचं गाव वरूड तालुक्यात. संत्र्याचा बगीचा आहे. अंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून निघतो, मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चात, तेव्हा गाडी नागपूरला जातेच, आणि रविवारी राइड असली की सायकल पण त्याच गाडीत. शनिवारी माल विकायचा, रात्री बहिणीकडे मुक्काम, रविवारी पहाटे राइड, संध्याकाळी रिकामे कॅरेट अन् सायकल घेऊन जलालखेड्याच्या रस्त्यानं परत. गाडी मीच चालवतो, सोबत भाचा असतो. सायकल कार्बन फ्रेमची, शिमानोचा १०५ गिअर सेट, पावणेदोन लाखाला पडली, दोन बहारातून थोडे थोडे बाजूला काढून घेतलेली. गावात कोणीही पाहिली की म्हणतं "एवढ्यात तं बैलजोडी आली असती", आणि ते खरंच आहे, म्हणूनच मी तिला बैलजोडीसारखंच जपतो.

सुरुवातीला मी पण तेच केलं जे सगळे करतात, दुकानदारानं सायकलसोबत दिलेलं केबलचं लॉक लावलं आणि निश्चिंत झालो. मग एक दिवस शेतात कुंपणाच्या झटका मशीनची तार ओढताना हातातला कटर पाहिला अन् वाटलं की बाप्पा, हा कटर तर आमच्या इथं घरोघरी आहे, रानडुकरांपायी कुंपण नाही असं वावर उरलं नाही, अन् त्या केबलला या कटरनं किती वेळ लागेल? जुनी केबल घेऊन करून पाहिलं. दोन दाबांत तुटली. त्या दिवसापासून केबल फक्त सीट अडकवायला ठेवली, तीही आपलं असावं म्हणून.

आता यू-लॉक वापरतो, जाड दांड्याचं, दोन्ही बाजूंनी कुलूप बसणारं, कारण एकाच बाजूनं बसत असेल तर एका ठिकाणी कापलं की दांडा फिरवून निघतो, दोन्ही बाजूंनी असेल तर दोनदा कापावं लागतं. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढं तेही टिकत नाही हे मला माहीत आहे, आणि ग्राइंडर तर प्रत्येक वेल्डिंगच्या दुकानात आहे, पण ग्राइंडरचा आवाज होतो, ठिणग्या उडतात, आणि मी जिथं गाडी लावतो तिथं आवाज ऐकणारं कोणीतरी असतं. कुलूप म्हणजे वेळ, एवढंच समजून चालायचं. कोणतंही कुलूप घ्या, तो वेळ तुम्ही कुठं बसून घालवता त्यावर पुढचं सगळं आहे.

बरं, कुलूप अडकवायचं कशाला? पिकअपच्या फाळक्याला बाहेरून दोर बांधायचे जे हूक असतात ना, त्यांना कधीच नाही. ते दोरासाठी आहेत, टॉमी घातली की वाकतात. मी वरूडला वेल्डिंगवाल्याकडून केबिनच्या मागच्या जाळीला एक जाड कडी मारून घेतली आणि खाली फ्लोअरला लोखंडी अँगल नटबोल्टनं बसवून घेतला, बोल्टची डोकी आतून आणि नट खाली वेल्ड केलेले, म्हणजे पान्यानं उघडत नाहीत. अँगलमध्ये फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, बसतो. यू-लॉक फ्रेम आणि मागचं चाक एकत्र धरून त्या कडीत. साखळी पुढच्या चाकातून. साखळीवर जुनी ट्यूब चढवली आहे, नाहीतर आपल्या रस्त्यांवर काटोल येईपर्यंत फ्रेमचा रंग खरवडून निघतो. कार्बनला क्लॅम्पनं आवळायचं नाही, दाबानं तडा जाऊ शकतो आणि बाहेरून दिसतही नाही, म्हणून रॅचेट बेल्ट फक्त मागच्या चाकावर. गिअरची बाजू आतल्या अंगाला, चेन सगळ्यात छोट्या चाकीवर.

क्विक रिलीज, म्हणजे चाक हातानं सोडवायचा लिव्हर, काढून टाका, हे मी प्रत्येकाला सांगतो. रेसमध्ये चाक झटक्यात निघावं म्हणून कॅम्पॅनोलो नावाच्या इटालियन रायडरनं ते शोधून काढलं, शंभरेक वर्षं होत आली त्याला, पण जे रायडरला झटक्यात निघतं ते दुसऱ्यालाही निघतं. अ‍ॅलन कीनं उघडणारा बोल्ट मिळतो, स्वस्त आहे, तो लावा. थ्रू अ‍ॅक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा जाड दांडा, असेल तर बहुतेकांना की लागतेच, पण काहींना लिव्हर असतो, तो काढून पाकिटात ठेवा.

झाकण्याबद्दल. वरून ताडपत्री, आतून आईची जुनी गोधडी, कारण नुसती ताडपत्री वाऱ्यानं घासते आणि त्यात धूळ अडकली की पॉलिश पेपरसारखं काम करते. पुढं दोन-चार कॅरेट उभे केले की मागून बघणाऱ्याला संत्र्याची गाडीच दिसते. किंमत कोणी विचारली तर मी आता आकडा सांगत नाही. खोटंही सांगत नाही, "घरातल्या माणसासारखी जपावी लागते" असं काहीतरी बोलून चहा मागवतो. आणि निघायच्या आधी स्टेटस टाकत नाही, राइडच्या अ‍ॅपमध्ये घराच्या आजूबाजूचा नकाशा लपवायची सोय असते ती चालू ठेवली आहे. रात्री मुक्काम असेल तर सायकल गाडीत राहत नाहीच, खोलीत नेतो. लॉजवाला नाही म्हणाला तर दोन्ही चाकं काढून चादरीत गुंडाळून सामान म्हणून नेतो, आणि तेही नको म्हणाला तर लॉज बदलतो.

जेवायला थांबलो तर गाडी रिव्हर्स घेऊन भिंतीला अशी चिकटवायची की मागचा फाळका उघडायलाच जागा नको. हे मला एका ट्रकवाल्यानं शिकवलं, कोंढाळीजवळ, आणि सगळ्या कुलपांपेक्षा हेच जास्त कामाचं निघालं. टेबल असं निवडायचं की गाडी समोर दिसली पाहिजे. भाचा आधी जेवतो, मग मी. पंपावर थांबलो तर कॅमेरा कोणत्या बाजूला आहे ते विचारून तिथंच लावतो, पंपावरची पोरं कधीच नाही म्हणत नाहीत.

ट्रॅकरचं पण विचारता बरेच जण. सीटच्या नळीत एक टॅग आहे माझ्या, पण त्या टॅगला आजूबाजूला त्याच कंपनीचे फोन लागतात जागा कळवायला, नागपुरात तो मिनिटामिनिटाला सांगतो, आमच्या रस्त्यावर संध्याकाळी बघितलं तर दुपारची जागा दाखवतो. सिमवाला जीपीएस नेटवर्कवर चालतो, मेळघाटात सेमाडोह-हरिसालकडं गेलात की बऱ्याच ठिकाणी नेटवर्कच नाही. असू द्या, पण त्याच्या भरवशावर कुलूप लावायचं सोडू नका.

खरी चोरी माझी एकदाच झाली. शहरातल्या एका पार्किंगमध्ये, सायकल कुलूपबंद होती, कुलूप तसंच राहिलं, हँडलवरचा मीटर आणि पुढचा लाइट गेला. पाच मिनिटंही झाली नसतील. जे हातानं निघतं ते खिशात घेऊन जायचं, त्यात दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

पण दुसरी गोष्ट सांगायला पाहिजे, कारण मी जे काही करतो त्यातलं अर्धं त्या रात्रीमुळं करतो.

चार वर्षं झाली. राइड संपवून परत येत होतो, थकलेलो होतो, गाडीत रिकाम्या कॅरेटच्या थप्प्या होत्या म्हणून जागा करायला पुढचं चाक काढून कॅरेटवर ठेवलं. सायकल बांधली, चाक नाही बांधलं. काटोलच्या पुढं एका टपरीवर चहाला थांबलो तर दोन पोरं आली, बारा-तेरा वर्षांची, सायकलजवळ उभी राहिली, टायर दाबून पाहिलं, "काका, याच्यात हवा किती भरता?" मी सांगितलं, नव्वद पीएसआय, ती हसली. पुढं जेवायला थांबलो आणि पाहतो तर चाक नाही. माझे हातपाय गळाले. ढाब्यावर चार लोक जमले, कोणीतरी म्हणालं की टपरीमागं पारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती, आहे, तिकडचीच असतील पोट्टे. मी म्हणालो, हो, दोन पोरं होती, हात लावत होती. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. त्यातल्याच एकानं ओळखीच्या पोलिसाला फोन केला, रात्री बेड्यावर जाऊन लोकांना उठवलं, त्यातल्या एका पोराच्या बापाला मध्यरात्रीपर्यंत चौकीवर बसवून ठेवलं. मी तोवर घरी येऊन झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपरीवाल्याचा फोन आला. टपरी आणि ढाब्याच्या मधल्या एका स्पीडब्रेकरजवळ सकाळी दूधवाल्याला चाक सापडलं होतं, रस्त्याच्या कडेला तुरीच्या धुऱ्यावर. उडून पडलं होतं. रिम थोडी वाकली होती, बाकी काही नाही.

मी गेलो बेड्यावर. माफी मागितली. तो माणूस फक्त "बरं" म्हणाला, बसा म्हणाला नाही, आणि म्हणायचं काही कारणही नव्हतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, पारध्यांवरही तोच शिक्का बसला, १९५२ ला तो कायदा गेला, पण ढाब्यावर चार लोक जमले की पहिलं बोट अजून तिकडंच जातं, आणि त्या रात्री त्या बोटाला दिशा मी दिली होती. आता तर नव्या न्याय संहितेत मालवाहू गाडीतून वस्तू चोरणं कलम ३०५ मध्ये येतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एका न बांधलेल्या चाकापायी कोणावर काय येऊ शकत होतं ते मला झोपताना आठवतं.

म्हणून आता प्रत्येक थांब्यावर निघताना मी फोटो काढतो. फ्रेम, पुढचं चाक, मागचं चाक, बॅग, सगळं एका फोटोत येईल असा, वेळ फोनमध्ये आपोआप येते. पुढं काही दिसलं नाही तर कोणत्या दोन थांब्यांच्या मधे गेलं ते मला कळतं, म्हणजे आधी तो रस्ता परत जाऊन पाहायचा, कोणाचं नाव घ्यायच्या आधी. भाचा हातानं एकेक दोर ओढून बघतो आणि मोठ्यानं मोजतो, "मामा, चार." चार म्हणाल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकत नाही.

कागदाचं पण करून ठेवा. सायकलला आरसी नसते, पूर्वी नगरपालिकेचा पितळी बिल्ला असायचा तोही गेला, मग तुमची आहे हे सांगणार कसं? पॅडलच्या धुरीखाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो आणि बिल एकत्र ठेवा, हँडलच्या नळीत नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी गुंडाळून घाला. पिकअपच्या इन्शुरन्समध्ये मागं ठेवलेली सायकल येत नाही, तिचा वेगळा काढावा लागतो, आणि क्लेमला तक्रारीची कॉपी मागतात. खरंच चोरी झाली आहे याची खात्री झाली तर तुम्ही ज्या गावात असाल तिथल्या ठाण्यात तक्रार देता येते, आमच्या हद्दीत नाही म्हणून परत पाठवता येत नाही, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. तक्रारीत जे गेलं ते लिहा, कधी शेवटचं पाहिलं ते लिहा. संशय कोणावर असं विचारतात. डोळ्यानं पाहिलं नसेल तर नाही म्हणा.

त्या टपरीवर मी अजून थांबतो. गेल्या डिसेंबरात थांबलो तर त्या दोघांतला एक तिथं होता, आता मिसरूड फुटलंय त्याला, टपरीच्या खांबाला टेकून उभा, गाडीकडं बघत होता पण जवळ आला नाही. मी हाक मारली, म्हटलं ये, हवा मोजायचा नवीन पंप आणलाय, बघ. आला. दोन्ही हात मागं बांधून बघितलं, काटा कसा फिरतो ते विचारलं, हात लावला नाही. भाच्यानं सवयीनं फोन काढला होता फोटोसाठी. मी त्याला राहू दे म्हटलं, दोर चारही माझ्या हातानं ओढून पाहिले आणि आम्ही निघालो.