एकाच वजनाच्या दोन पिशव्या

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी जी कुटुंबे देशभर पांगली, त्यांपैकी आमचे एक. सोलापूरच्या सराफ बाजाराजवळ आमची गलाईची भट्टी आहे. जुने चांदीचे रुपये आमच्याकडे नेहमीच येतात, विशेषतः लग्नसराईच्या आधी. पण गेल्या वर्षी एक बहीण-भाऊ जे रुपये घेऊन आले, त्यांसारखे प्रकरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

दोघांकडे एकेक कापडी पिशवी होती आणि प्रत्येक पिशवीत एकशेवीस रुपये होते. त्यांच्या आजीने गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवली होती आणि गल्ल्यात येणाऱ्या नाण्यांतून ही शिल्लक बाजूला टाकली होती. आईच्या निधनानंतर भावंडांनी मोजून सारखी वाटणी केली, तीही भांडण न करता: भावाने चकचकीत नाण्यांची पिशवी घेतली, तर बहिणीच्या वाट्याला काळपट, झिजलेली नाणी आली. एका दुकानात दोन्ही पिशव्यांना ‘अर्धी चांदी’ म्हणून एकच दर मिळाला होता. शिवाय एका पुरचुंडीत १९४७ चे वाघाची छाप असलेले थोडे रुपये होते, आणि ते लोहचुंबकाला चिकटतात म्हणून खोटे असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. हे शेवटचे मी जागेवरच खोडून काढले. ते रुपये निव्वळ निकेलचे आहेत आणि निकेल चुंबकाला चिकटतेच. नाणे खरे, फक्त त्यात चांदीचा कणही नाही.

तराजूवर भावाची पिशवी १ किलो ३९० ग्रॅम भरली आणि बहिणीची १ किलो ३७०. ‘‘बघा शेठ, इथंही माझंच कमी,’’ असे ती हसत म्हणाली. मी एकेक नाणे उलटून साल पाहू लागलो. तिच्या पिशवीत व्हिक्टोरियाचे राणीछाप होते, मुकुट नसलेल्या उघड्या डोक्याचा सातवा एडवर्ड होता, पाचवा जॉर्ज होता. १९४० किंवा त्यानंतरचे एकही नाणे नव्हते. भावाच्या पिशवीत सगळा सहावा जॉर्ज, १९४० ते १९४५ चा.

जुना रुपया तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदीचा. आमच्या भाषेत ९१.७ टंच, म्हणजे शेकडा तेवढी शुद्धता. युद्धात चांदीची ओढ लागली, लोक रुपये दडवू लागले, तेव्हा सरकारने १९४० मध्ये गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे गुन्हा ठरवले, एक रुपयाची नोट काढली आणि रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. वजन आणि आकार तेच ठेवले. आत मात्र ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे आणि पाच-पाच टक्के निकेल व जस्त. नकली नाणी ओळखता यावीत म्हणून या रुपयाच्या कडेला मधोमध एक खाच दिली. जुनी नाणी पुढच्या दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने व्यवहारातून काढून घेतली गेली.

आता मला त्या आजीचा हिशेब दिसू लागला. बहिणीला आईकडून ऐकलेले आठवत होते: रात्री गल्ला मोजताना आजी प्रत्येक रुपयाच्या कडेवरून नख फिरवायची. खाच लागली की तो रुपया सकाळी वाण्याकडे जायचा. न लागली तर पिशवीत. पुढे निकेलचा रुपया आल्यावर तिने चाळणी बदलली. निकेल आधी खर्चायचे आणि खाचेचा रुपया मागे ठेवायचा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने हे केले, याचे मला तरी कौतुक वाटते, कारण नाण्याच्या बाबतीत साल हाच टंच असतो, हे आजही पुष्कळ दुकानदार सांगत नाहीत. ज्यांना ठाऊक असते, तेही.

भावाला ते पटेना. टंच काढण्याचे यंत्र नाण्याचा वरचा थरच वाचते, म्हणून मी दोघांच्या संमतीने प्रत्येकाचा एकेक रुपया आटवायला घेतला. बहिणीचा एडवर्ड मुशीत सवागीसह (टाकणखारासह) लवकर वितळला आणि त्याचा मणी पांढरा निघाला. भावाच्या रुपयाचा मणी पिवळट होता. दोन्ही मणी वेगवेगळ्या भांड्यांत तेजाबात, म्हणजे आम्लात, विरघळवले; भावाचे पाणी तांब्यामुळे गर्द निळे झाले, बहिणीचे फिकट. मग दोन्हींत तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की त्यांवर चांदी राखाडी भुकटीसारखी जमू लागते. ती धुऊन, वाळवून पुन्हा आटवेपर्यंत दिवस कलला होता. एकाची चांदी साडेदहा ग्रॅमच्या जवळ भरली, दुसऱ्याची पावणेसहाच्या. बहिणीच्या पिशवीत साधारण १,२५५ ग्रॅम शुद्ध चांदी आणि भावाच्या पिशवीत ६९५, असे मी कागदावर मांडून दाखवले.

त्यातच बहिणीच्या नाण्यांत मला १९११ चा एक रुपया दिसला. त्या सालच्या रुपयावर राजाच्या अंगावरील साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो. लोक संतापले आणि १९१२ पासून छाप बदलली. संग्राहक अशा नाण्याला चांदीहून जास्त मोल देतात, म्हणून ते भट्टीत जाऊ देणे मला पटत नव्हते. धंद्याच्या दृष्टीने हा सल्ला माझ्याच विरुद्ध होता, हे उघड आहे.

भाऊ बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, ‘‘ताई, आजीनं नावं घालून दिलं नव्हतं. पिशव्या आपणच उचलल्या. परत वाटू.’’ बहीण म्हणाली, ‘‘वाटू, पण गाळायचं नाही. आणि तो डुकराचा मला.’’ मी दोन्ही पिशव्या एकाच परातीत ओतल्या. बहिणीला साठ जुने, १९११ धरून, आणि एकोणसाठ खाचेचे. भावाला एकोणसाठ जुने आणि साठ खाचेचे. आटवलेल्या दोन मण्यांपैकी मोठा भावाने घेतला, धाकटा बहिणीने. निकेलचे रुपये भावाच्या मुलाने मागून घेतले. दोन नाण्यांच्या गलाईची मजुरी तेवढी मला मिळाली, आणि तीही दोघांनी निम्मी-निम्मी दिली.