कमिशनच्या हिशेबात न बसणारे विद्यार्थी : आमची वाटचाल

छत्रपती संभाजीनगरात परदेशी शिक्षणाचे सल्लाकेंद्र आम्ही सुरू केले, तेव्हा शहरात अशा केंद्रांची वानवा नव्हती. बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याकडून सल्ल्याचे शुल्क घेतले जात नसे, आणि त्यामागे औदार्य नव्हते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथील अनेक विद्यापीठे प्रवेश निश्चित झाल्यावर पहिल्या वर्षाच्या शुल्काचा काही हिस्सा एजंटाला कमिशन म्हणून देतात, त्यामुळे पूर्ण शुल्क भरू शकणारा विद्यार्थीच केंद्राच्या कामाचा ठरतो. जर्मनीतील सरकारी विद्यापीठे बहुतांशी शिक्षणशुल्क घेत नाहीत, म्हणून तेथे कमिशनही नाही. शिष्यवृत्तीवर जाऊ पाहणाऱ्याची तयारी वर्ष-दोन वर्षे चालते आणि तरीही निवडीची खात्री नसते. नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालयातून पदवी घेतलेली मुलगी किंवा बीड-जालन्याच्या एखाद्या गावातून एम.ए.साठी विद्यापीठात आलेला मुलगा या हिशेबात बसत नाही. त्यांना कोणी हाकलत नाही. शुल्काचा आकडा छापलेले माहितीपत्रक समोर आले की ते आपणहून उठून जातात.

या मुलांसाठी काम करायचे तर उत्पन्नाची रीतच बदलावी लागेल, हे आम्हाला सुरुवातीपासून दिसत होते. म्हणून आम्ही सल्ल्याचे शुल्क घेतो, पण शिष्यवृत्तीच्या उमेदवारांकडून ते अर्जाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी घेतो आणि मोठा हप्ता निवड झाल्यावरच मागतो. स्वखर्चाने जाणाऱ्यांच्या प्रवेशातून मिळणारे कमिशन आम्ही नाकारत नाही. मात्र कोणत्या विद्यापीठाकडून ते मिळते, हे विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना विद्यापीठांची यादी देतानाच सांगतो. काही व्यवसायबंधूंना हा वेडेपणा वाटतो. आमचा अनुभव असा की, यादी पाहून पालकांचा विश्वास वाढतो आणि तेच पुढच्या विद्यार्थ्याला आमच्याकडे पाठवतात.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आमच्या भागातील मुलांना शाळेपासून पाठ असते. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे, हे मात्र पदव्युत्तर वर्गातही अनेकांना ठाऊक नसते. या योजनेत १२५ जागा असून त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, सहा विमुक्त व भटक्या जमातींसाठी आणि चार भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्यासाठी आहेत. ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखलेल्या आहेत. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आणखी ७५ जागा आहेत. २०२२ मध्ये केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. ज्या समाजाचा अनुभव या विषयांना समृद्ध करू शकला असता, त्याच समाजातील अभ्यासकांना त्यांपासून दूर ठेवणारा हा निर्णय आम्हाला अन्यायकारक वाटतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे अर्ज तेव्हापासून आम्ही ब्रिटनच्या कॉमनवेल्थ किंवा युरोपच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्त्यांकडे वळवतो.

शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज, आणि तेथे जी अडचण येते ती मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांना चांगलीच बोचते. साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात. घरी दहा एकर जमीन असली तरी ती बहुधा चालत नाही, कारण थकीत कर्जासाठी बँकांना न्यायालयात न जाता तारण जप्त करू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार कर्जवसुलीसाठी शेतजमीन जप्त करता येत नाही, आणि जी जप्त करता येत नाही ती बँकेला तारण म्हणून नको असते. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी केलेली ही तरतूद त्याच्याच मुलीच्या शिक्षणाच्या आड येते. शहरात एक फ्लॅट असलेल्या नोकरदाराचे काम चार भेटींत होते. शेतकऱ्याला एनए (बिगरशेती) प्लॉट असलेला नातेवाईक शोधावा लागतो आणि त्या नातेवाइकाची मनधरणी करावी लागते. अशा बैठकांना आम्ही स्वतः गावी जातो. मुलीला पाठवायचे की नाही, हा निर्णय काकांच्या आणि आजीच्या उपस्थितीत होतो, आणि कर्ज फेडण्याआधी तिचे लग्न झाले तर हप्ते कोणी भरायचे, हा प्रश्न तेथे हमखास निघतो. त्याला आम्ही कागदावरचे उत्तर देतो : कर्ज तिच्या नावावर असते आणि वडील सहकर्जदार असतात. एवढे लेखी दाखवले की चर्चा बरीच शांत होते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी अर्ज बहुधा तेथेच अडकतात. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी, गुणपत्रिकेवर माहेरचे तर पासपोर्टवर सासरचे नाव, मग राजपत्रातील नावबदल. यांसाठी एक सहकारी आम्ही केवळ या कामावर नेमला आहे.

दिव्यांग विद्यार्थ्यांचे काम आमच्याकडे उशिरा सुरू झाले. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका आणि जादा वेळ मिळतो, परंतु त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रासह काही आठवडे आधी मागणी नोंदवावी लागते. ब्रिटनमध्ये सरकारचा दिव्यांग विद्यार्थी भत्ता सर्वसाधारणपणे परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, तरी २०१० च्या समानता कायद्यानुसार योग्य त्या सोयी करून देणे विद्यापीठावर बंधनकारक आहे. म्हणून प्रवेशाचा अर्ज करतानाच आम्ही तेथील दिव्यांग सहाय्य विभागाशी पत्रव्यवहार सुरू करतो आणि दिलेल्या सोयी लेखी मागून घेतो.

विमानात बसवून दिले की आपले काम संपले, असे आम्ही मानत नाही. वसतिगृहात किंवा भारतीय विद्यार्थ्यांच्या मंडळात आडनाव विचारून जात ताडण्याचे प्रकार तेथेही होतात, हे परतलेल्या मुलांनी आम्हाला सांगितले आहे. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. ब्रिटिश सरकारने मात्र समानता कायद्यात जात स्वतंत्रपणे न घालण्याचा निर्णय २०१८ मध्ये जाहीर केला. विद्यापीठांची यादी करताना शुल्क आणि क्रमवारी यांच्याबरोबर तक्रार कोठे व कशी नोंदवायची हा रकानाही आम्ही ठेवतो, आणि त्या शहरात आधी गेलेल्या विद्यार्थ्याशी, त्याची संमती घेऊन, नव्या विद्यार्थ्याची ओळख करून देतो.

सध्या आम्ही जिल्ह्यातील महाविद्यालयांत पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गांसमोर बोलतो, कारण राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी पात्रता परीक्षेत, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्याच्या पदवीत, ६० टक्के गुण लागतात आणि अंतिम वर्षात भेटलेल्या विद्यार्थ्याला ते वाढवण्यासाठी फार थोडा वेळ उरतो.