सॉसेजसाठी कापडी पिशव्या

धुरावलेल्या सॉसेजसाठी आतडी किंवा तयार आवरणं वापरणं मी सोडलं. आता पिशव्या घरीच शिवते. कापड कोरा मांजरपाट, निव्वळ सुती. नायलॉन-पॉलिस्टर धुरीच्या उष्णतेत नकोच. आधी गरम पाण्यात खळ काढते, साबण न लावता.

पट्टी ९ इंच रुंद आणि १४ इंच लांब. उभी दुमडली, अर्धा इंच सोडून टीप मारली की सपाट पिशवी ४ इंचांची होते. भरल्यावर गोलाचा व्यास साधारण अडीच इंच. हे गणित जमलं तेव्हा फार आनंद झाला होता! खालचं टोक गोलाकार शिवते, कारण चौकोनी कोपऱ्यात खिमा नीट बसत नाही आणि हवा अडकते. टाका बारीक, टीप दुहेरी. पहिल्या खेपेला एकेरी टीप भरतानाच उसवली होती.

बरेच जण पिशवी उलटवून शिवण आत घेतात. मी ती बाहेरच ठेवते. सुटे धागे मांसात गेलेले मला मुळीच चालत नाहीत.

भरण्याआधी पिशवी भिजवून पिळायची, म्हणजे सोलताना कापड चिकटत नाही. दाबून भरायचं, तोंड सुतळीने घट्ट बांधायचं. मंद धुरीत मांस तासन्‌तास राहतं, म्हणून खिम्यात नायट्राइटचं क्युरिंग मीठ (मांसात घातक जंतू वाढू न देणारं) पाकिटावरच्या मापानेच घालते, अंदाजाने कधीच नाही. मधोमध थर्मामीटर खुपसून ७१ अंश सेल्सिअस दिसलं की उतरवते. मग गार पाण्याचा शॉवर.

सोलल्यावर मांसावर मांजरपाटाची वीण उमटलेली असते. मला ती फार आवडते.