ज्युरीत अडकलेले 57 फूट

एम.आर्क.च्या शेवटच्या वर्षाला माझा थीसिस सांगलीवरच होता. हरिपूरच्या बाजूला हळदीचं गोदाम, जुन्या पेवांसारखी (जमिनीखालच्या कोठारांसारखी) साठवण आणि लिलावाची जागा. विषयाची मंजुरी, सर्व्हे, ड्रॉइंग सगळं वेळेत झालं. अडलं ते ज्युरीत, म्हणजे शीट्स लावून परीक्षकांपुढे काम मांडायच्या तोंडी परीक्षेत.

सकाळी नऊला शीट्स लावून तयार राहा, असा निरोप होता. बाहेरगावचे एक्स्टर्नल सर आले पावणेदोनला. मग जेवण. आम्ही अकरा जण, माझा नंबर नववा.

माझ्या वाट्याला सात मिनिटं आली. त्यातली चार पहिल्या शीटवरच्या एका ओळीत गेली: 2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर. "57 फूट पाणी येतं आणि तुमचा फ्लोअर नऊ फुटांवर? बुडालं की सगळं!"

अहो, तो पुलाच्या पट्टीवरचा आकडा! तिथली धोक्याची पातळीच 45 फूट आहे. पट्टीचं माप खाली नदीपात्रापासून सुरू होतं, गावात जमिनीवर तेवढं पाणी चढत नाही. माझ्या साईटशेजारच्या घराच्या भिंतीवर 2019 ची खूण जमिनीपासून सात फुटांवर आहे, मी स्वतः टेप लावून मोजली. पावसाळ्यात "आज किती फूट?" हे सांगलीतलं शाळकरी पोरही विचारतं. मी "सर, ती पट्टी..." म्हणेपर्यंत ते पुढच्या शीटवर गेले होते. आमच्या गाईड मॅडम गप्प. शेरा पडला: पुराचा अभ्यास अपुरा, री-ज्युरी. 2019 ला आमच्या घरात पाणी होतं, आणि माझाच पुराचा अभ्यास अपुरा! हे अजून पचत नाही.

पुढे ज्युरी देणाऱ्यांनो, समोरच्याला आपलं गाव माहीत नाही असं धरूनच शीट लावा. मी नंतर एकच मोठा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढला. एका टोकाला पुलाची पट्टी, मधलं अंतर तोडून दुसऱ्या टोकाला भिंतीवरची खूण, आणि तिच्यावर दोन फूट माझा फ्लोअर. कुणी बोट ठेवलं की उत्तर तिथेच. आणि हो, आपण बोलत असताना मैत्रिणीला शेजारी वही घेऊन बसवा. तोंडी काय काय म्हणाले ते संध्याकाळपर्यंत डोक्यातून जातं. माझ्या हाती शेऱ्याची ती एक ओळच उरली होती.

महिन्याने दुसऱ्या एक्स्टर्नल मॅडम आल्या, वेळेवर. सेक्शनपुढे खुर्ची ओढून अर्धा तास बसल्या. पूर त्यांना दोन मिनिटांत कळला. मग विचारलं, "पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरतो का गं?"

नाही उतरत. आतली हवा कोंडलेली असते, काही तास पेवाचं तोंड उघडं ठेवावं लागतं.

"मग तेवढा वेळ तो थांबतो कुठे? सावली कुठंय?"

ते मी काढलंच नव्हतं. पास झाले त्याच रात्री पेवांच्या तोंडाशी एक पडवी काढली.