पीसीसी मिळवताना हद्द झाली

अमेरिकेच्या कायमस्वरूपी व्हिसाच्या मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा हातात ४१ दिवस होते. त्यातले १९ दिवस आमच्या पोलीस पडताळणीच्या फायली अशा पोलीस ठाण्यात पडून होत्या ज्याच्या हद्दीत आम्ही राहतच नाही. पासपोर्ट सेवा केंद्र, मेडिकल, फोटो, मुंबईची मुलाखत हे सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. लिहायचंय ते या १९ दिवसांबद्दल, कारण ते पूर्णपणे टाळता आले असते.

आधी एक खुलासा. पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, आम्ही काढलेलं नव्हतं असं नाही. आमची केस एफ-४, म्हणजे अमेरिकन नागरिक असलेल्या भावंडाने अर्ज केलेली. यात रांग दहा-पंधरा वर्षांच्या पुढे जाते. कागदपत्रं अपलोड करून झाल्यावरही तारीख यायला वेळ लागतो, आणि अमेरिकेच्या व्हिसासाठी भारतातलं पीसीसी दोन वर्षंच चालतं. आमची मुदत वाट बघण्यातच संपली. मधल्या काळात पासपोर्टही नवे झाले. पीसीसीवर पासपोर्ट क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे जुनं तसंही उपयोगाचं नव्हतं. शिवाय नियम असा की १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला पीसीसी लागतं. कागद अपलोड केले तेव्हा मुलगा पंधराचा होता, मुलाखतीच्या वेळी अठराला टेकला होता. अशी लांबलेली केस असेल तर मुलांची वयं मुलाखतीच्या तारखेला धरून मोजा, अर्जाच्या तारखेला धरून नाही.

एजंट लोक इथे एक गोंधळ घालून ठेवतात. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरून मिळतं ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. ते नोकरीसाठी, सिक्युरिटी एजन्सीसाठी, शाळेच्या बस ड्रायव्हरसाठी ठीक आहे. वकिलातीला हवं असतं ते पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं पीसीसी. दोन्हींना लोक पीसीसीच म्हणतात, दोन्हींत पोलीस येतात, आणि चुकीचं काढून दोन-तीन आठवडे घालवलेली माणसं मी पासपोर्ट केंद्राच्या रांगेत भेटलोय.

अर्ज पासपोर्ट सेवाच्या पोर्टलवर करायचा. माणशी ५०० रुपये. तिघांचे तीन अर्ज, तीन अपॉइंटमेंट, पुढे तीन वेगळ्या फायली. तत्काळ हा प्रकार पीसीसीला नाही, तेव्हा ‘जास्त पैसे भरून लवकर’ असं कोणी सांगितलं तर विसरा. पासपोर्ट सेवा केंद्रात लवकरची तारीख नसेल तर पोस्टातलं पासपोर्ट केंद्र बघा. सप्टेंबर २०२२ पासून तिथेही पीसीसीचे अर्ज घेतात. तालुक्याच्या ठिकाणच्या पोस्टात पुण्या-मुंबईपेक्षा बऱ्याचदा आधीची तारीख दिसते. अर्जात कोणत्या देशासाठी हवं ते विचारतात. ते नीट भरा, कारण प्रमाणपत्रावर त्या देशाचं नाव येतं.

आता अर्जातला तो एक रकाना. पत्ता भरताना जिल्हा निवडला की खाली पोलीस ठाण्यांची यादी उघडते. आपण काय करतो? लहानपणापासून माहीत असलेलं नाव दिसलं की त्यावर टिचकी मारतो. मीही तेच केलं. पण शहरं वाढली तशा हद्दी बदलल्या आहेत. पुण्याचंच घ्या. १५ ऑगस्ट २०१८ला पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं. लोणीकंद आणि लोणी काळभोर ग्रामीणमधून शहरात आली. २०२४ मध्ये तर आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात नवी ठाणी झाली, म्हणजे आधीच्या ठाण्यांचे तुकडे पडले. रस्त्याची एक बाजू या ठाण्यात, दुसरी त्या ठाण्यात, असं सर्रास आहे. लोकांच्या तोंडी मात्र जुनंच नाव.

मग काय होतं ते सांगतो. पासपोर्ट केंद्रातून फाइल ऑनलाइन पोलीस मुख्यालयाच्या पातळीवर जाते, म्हणजे शहरात आयुक्तालयाच्या पासपोर्ट शाखेकडे आणि जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे. तिथून ती ठाण्याच्या लॉगिनला टाकतात. आपण अर्जात जे ठाणं निवडलं, साधारणपणे तेच. त्या ठाण्यातला पासपोर्टचं काम बघणारा अंमलदार पत्ता वाचतो, ‘हा भाग आपल्याकडे नाही’ हे त्याला एका नजरेत कळतं, आणि तो फाइल बाजूला ठेवतो. परत पाठवत नाही. परत पाठवायची तर शेरा लिहायचा, साहेबांची मंजुरी घ्यायची. समोर शंभर फायली असतील तर तुमची तळाला जाते. पोर्टलवर तुम्हाला मात्र रोज तेच दिसतं: पडताळणी संबंधित ठाण्यात प्रलंबित.

आठवडाभर फोन आला नाही म्हणून ठाण्यात गेलो. उत्तर: ‘तुमचा भाग आता नव्या ठाण्याकडे गेला, तिकडे चौकशी करा.’ नव्या ठाण्यात: ‘आमच्या लॉगिनला फाइल नाही, जुन्या ठाण्यातून पाठवायला सांगा.’ जुन्या ठाण्यात परत: ‘आम्हाला थेट त्यांच्याकडे पाठवता येत नाही.’ आणि चीड आणणारी गोष्ट ही की तिन्ही वाक्यं खरी आहेत. एका ठाण्याला दुसऱ्या ठाण्याच्या लॉगिनला फाइल टाकता येत नाही. ते काम वरच्या शाखेचं. पण हे वाक्य मला कोणीही आपणहून सांगितलं नाही. मी दोन ठाण्यांमध्ये चार चकरा मारल्या आणि प्रत्येक वेळी ‘उद्या साहेब आले की बघू’ घेऊन परत आलो.

इलाज निघाला तो आयुक्तालयाच्या पासपोर्ट शाखेत, दहा मिनिटांत. साध्या कागदावर अर्ज, दोन प्रतींत: तिघांची नावं, तीन फाइल क्रमांक, चुकून निवडलेलं ठाणं, बरोबर ठाणं, मुलाखतीची तारीख. सोबत मुलाखतीच्या पत्राची झेरॉक्स आणि नोंदणीकृत भाडेकराराच्या पहिल्या पानाची. एका प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्यायची. ती पोच आपल्याकडे. दुसऱ्या दिवशी फायली बरोबर ठाण्याच्या लॉगिनला होत्या. ‘एका घरातल्या आहेत, बाकीच्या आपोआप येतील’ असं धरू नका, सगळे क्रमांक लिहा. क्रमांक म्हणजे पासपोर्ट केंद्रातून बाहेर पडताना मिळणाऱ्या पावतीवरचा फाइल क्रमांक. पुण्याचा असेल तर ‘पीएन’ने सुरू होतो. अर्ज भरताना मिळतो तो एआरएन. तो पोलिसांकडे दाखवून उपयोग नाही, त्यांना त्यावरून काहीच सापडत नाही.

चुकीचं ठाणं दुसऱ्याच आयुक्तालयातलं किंवा ग्रामीणमधलं असेल तर प्रकरण आणखी लांबतं. मग फाइल पासपोर्ट कार्यालयाकडे परत जावी लागते आणि तिथून नव्याने योग्य जिल्ह्याला जाते. अशा वेळी पोलिसांच्या मागे लागण्यापेक्षा पासपोर्ट कार्यालयात चौकशीची अपॉइंटमेंट घेऊन मुलाखतीचं पत्र दाखवणं बरं. पासपोर्टची हेल्पलाइन १८००-२५८-१८०० आहे. फाइल नेमकी कुठल्या पायरीवर अडकलीय एवढं तिथे कळतं, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका.

आणि हे सगळं टाळायचा उपाय अर्ध्या तासाचा आहे. अर्ज भरायच्या आधी जवळच्या ठाण्यात जाऊन ठाणे अंमलदाराला विचारायचं: ‘हा पत्ता तुमच्या हद्दीत येतो का?’ सोसायटीचं नाव सांगून भागत नाही, सर्व्हे नंबर किंवा ठळक खूण सांगा. भाड्याने राहत असाल आणि घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरली असेल, तर त्या पावतीवर ठाण्याचं नाव असतंच, पण ती पावती नव्या ठाण्यानंतरची आहे ना ते बघा. नवं ठाणं पोर्टलच्या यादीत अजून दिसत नसेल तर जुनं निवडणं भागच आहे. मग वाट न बघता चौथ्या दिवशी सरळ पासपोर्ट शाखेत जा. मी बरेच दिवस ठाण्यांमध्येच फिरत राहिलो, ही चूक माझी.

परराष्ट्र मंत्रालय पडताळणीसाठी २१ दिवसांची मुदत धरतं. त्या मुदतीत अहवाल गेला तर पोलीस खात्याला अर्जामागे १५० रुपये आणि उशिरा गेला तर ५० असा हिशेब ठेवलेला आहे. म्हणजे पडताळणीचा खर्च सरकार देतं, अर्जदाराने ठाण्यात एक रुपयाही द्यायचा नसतो. ‘चहापाण्याचं बघा’ असं कुठे ऐकू आलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ लक्षात ठेवा.

बरोबर ठाण्यात काम दोन दिवसांत झालं. पूर्वी पोलीस घरी यायचे, आता बहुतेक ठिकाणी ठाण्यात बोलावतात. काही ठिकाणी घरी येऊन टॅबवर फोटो काढतात. नेलेले कागद: मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानांच्या प्रती, आधार, पासपोर्ट केंद्राची पावती, नोंदणीकृत भाडेकरार इंडेक्स-२सह, वीजबिल, सोसायटीचं पत्र, प्रत्येकी दोन फोटो, आणि दोन शेजाऱ्यांची नावं, फोन व आधारची प्रत. शेजारी म्हणजे त्याच इमारतीतले, नातेवाईक नकोत. त्यांना आधी सांगून ठेवा. अनोळखी क्रमांक म्हणून फोन उचलला नाही तर फाइल पुन्हा बाजूला पडते. नोटरी केलेला भाडेकरार बऱ्याच ठाण्यांत घेत नाहीत.

सोसायटीच्या पत्रावरून एक आठवलं. सेक्रेटरी साहेब सवयीने आद्याक्षरं लिहितात. पत्रात पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव हवं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं आधार एका नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाने असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा, न मागता द्या. कोणाच्या नावावर जुना खटला असेल आणि निर्दोष सुटका झाली असेल तर निकालाची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवा. पोलिसांच्या संगणकात गुन्हा दिसतो, निकाल दिसेलच असं नाही.

पासपोर्टवर गावचा पत्ता आणि राहणं शहरात, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती. पडताळणी सध्या राहता त्या पत्त्यावर होते, म्हणून अर्जात तोच भरा आणि त्याचा पुरावा न्या. गावचा पत्ता दिला की पोलीस पाटलापर्यंत चौकशी जाते, ‘इथे राहत नाहीत’ असा शेरा येतो आणि तो खोडायला महिना जातो. पत्ता पासपोर्टशी जुळत असेल आणि त्या पासपोर्टची आधीची पडताळणी स्वच्छ असेल, तर काही जणांना केंद्रातच त्या दिवशी पीसीसी मिळून जातं. आमचं नशीब तसं नव्हतं.

परदेशात राहिला असाल तर हिशेब वेगळा. सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या देशात बारा महिने किंवा जास्त काढले असतील तर तिथलंही प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेत राहिलेल्यांना अमेरिकेचं मात्र लागत नाही. काही आखाती देश आणि सिंगापूर यांसाठी इथे बोटांचे ठसे घेऊन पाठवावे लागतात. ते काम भारतातल्या पीसीसीच्या आधी सुरू करा, नंतर नाही.

आणि समजा तारखेपर्यंत पीसीसी आलंच नाही, तर मुलाखत रद्द करू नका. बाकीच्या कागदांसह मुंबईला वेळेवर जा. अधिकारी २२१(जी)चा कागद देतात, त्यावर काय राहिलंय ते लिहिलेलं असतं, आणि ते जमा करायला एक वर्ष मिळतं. तारीख सोडली तर नवी कधी मिळेल याचा भरवसा नाही. पोलिसांकडची फाइल हलत असल्याचा पुरावा म्हणून आवकचा शिक्का असलेली पोच मी सोबत ठेवली होती. दाखवायची वेळ आली नाही.

पीसीसी मंजूर झाल्याचा मेसेज ३४व्या दिवशी आला, ३५व्या दिवशी पासपोर्ट आणि पावती दाखवून केंद्रातून घेतलं. काउंटर सोडायच्या आधी चार गोष्टी वाचा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक (नवा, जुना नव्हे), देशाचं नाव, सही-शिक्का. आमच्या तिघांपैकी एकावर शिक्का अर्धवट उमटला होता. तिथेच सांगितलं, दोन मिनिटांत नीट मारून दिला.