बारा मिलिमीटर

गोणपाटात गुंडाळलेली इलेक्ट्रिक गिटार मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. आणणारे गृहस्थ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले टर्नर, लेथवर काम करणारे मिस्त्री. पन्नाशीच्या आतबाहेरचे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. पोतं काउंटरवर ठेवून म्हणाले, "मास्तर, सगळं मापात हाय, पण सुरात नाही. बघा की जरा."

मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानावर 'हार्मोनियम दुरुस्ती' अशी पाटी आहे, ती वडिलांच्या वेळची. आता घर चालतं ते बेंजोवर. गणपतीच्या आधी दोन महिने दुकानात पाय ठेवायला जागा नसते. कुणाचा पिकअप, म्हणजे तारेचा आवाज उचलणारा भाग, गेलेला, कुणाची बटणं अडकलेली, कुणाचा जॅक सैल. गिटारवाली पोरं येतात ती तार तुटली म्हणून. तेव्हा गिटार जोडणं हा काही माझा धंदा नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मिस्त्रींनाही तेच सांगणार होतो. पण त्यांनी डावा हात पुढं केला.

मधल्या बोटाचं टोकाचं पेर वाकत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी प्रेसमध्ये सापडलेलं. त्याआधी ते एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. अपघातानंतर गिटार भाच्याला देऊन टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. मग मुलगा मोठा झाला, त्यानं मोबाइलवर धुंडाळून बापाला दोन गोष्टी दाखवल्या. एक, इंग्लंडचा गिटारवादक टोनी आयोमी. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली, तरी पुढं तो ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये जगभर वाजवत फिरला. त्यावर मिस्त्री म्हणाले होते, "बरं हाय त्यांचं. आम्हाला सोमवारीच सुट्टी." दुसरी गोष्ट मात्र त्यांना पटली. आखूड स्केलची गिटार.

नेहमीच्या स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या गिटारीत वरच्या टोकाच्या नटपासून खालच्या घोडीपर्यंत तारेची लांबी, म्हणजेच स्केल, साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर असते. आखूडमध्ये २४ इंच, ६१० मिलिमीटर. हे माप काही नवं नाही. फेंडर कंपनीची १९६२ ची जॅग्वार याच मापाची, १९६४ ची मस्टँगही या मापात निघाली. तार आखूड झाली की फ्रेटची, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांची, घरंही तेवढ्याच प्रमाणात जवळ येतात. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर १३४ चं १२६ होतं. आठ मिलिमीटर म्हणजे काही विशेष नाही असं वाटत असेल, तर एक बोट ताठ ठेवून हाताची बाकीची बोटं फाकवून बघा.

तयार गिटार परवडेना म्हणून मिस्त्रींनी वर्षभरात सुटे भाग जमवले. २४ इंची नेक, म्हणजे दांडा, एकीकडून, स्ट्रॅट घाटाची बॉडी दुसरीकडून, पिकअप, खुंट्या, घोडी आणखी कुठून कुठून. आवाजाची बटणं त्यांनी स्वतः पितळेतून लेथवर काढली होती, आणि ती इतकी सुबक होती की मी आधी तीच फिरवत बसलो. बॉडीतल्या खाचेत नेक असा बसवलेला की फटीत कागद सरकणार नाही. घोडीच्या स्क्रूंची भोकं बॉडीवर आधीच पाडून आलेली, त्यांवर घोडी तंतोतंत.

आणि वाजवली की अंगावर काटा. मोकळ्या तारा लावल्या तर ठीक. पण जसजसं वरच्या घरांत जावं तसतसा सूर खाली पडायचा. बाराव्या फ्रेटवर तोच स्वर वरच्या सप्तकात बोलायला हवा, तिथं तो स्पष्ट उतरलेला. ट्यूनर लावला तर तेहेतीस सेंट कमी. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरतात, म्हणजे त्यातला एक तृतीयांश गायब. गायन समाज देवल क्लबात मागं बसून बसून आमचा कान थोडाफार तयार झालाय. एवढा कमी लागलेला षड्ज तिथं कुणी लावला असता तर पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी पानाचा डबा मिटून घर गाठलं असतं.

आठवडाभर गिटार माझ्याकडं होती. त्या आठवड्यात मी जे जे केलं ते सांगायला थोडी लाज वाटते. आधी तारांवर संशय घेतला, स्वतःच्या पैशानं नव्या टाकल्या. मग घोडीवरचे सहाही सॅडल, म्हणजे एकेक तार ज्यावर टेकते ते तुकडे, स्क्रू पिळून पुढं, नेकच्या दिशेनं घेतले, कारण सूर उतरत असेल तर तार आखूड करायची हे मला ठाऊक होतं. वर सांगितलेले तेहेतीस सेंट हे ते पार टोकाला टेकल्यावरचे, आधी फरक त्याहूनही जास्त होता. त्यापुढं जागाच नाही. मग मी पावसाला दोष दिला. आषाढ होता, राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, दुकानातल्या पेट्यांचे भाते ओलसर झालेले. नेकचं लाकूड फुगलं असेल, असं मी मिस्त्रींना फोनवर ठणकावून सांगितलं. ते गप्प बसले. पट्टी खिशात घेऊन हिंडणारा माणूस फुगलेल्या लाकडाच्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही, हे मला त्या गप्प बसण्यातून कळलं.

सोमवारी माझं दुकान बंद आणि त्यांचं शॉपही. सकाळी नऊला ते व्हर्नियर घेऊन हजर झाले. अर्धं शटर वर करून आम्ही आत बसलो, बाहेर धो धो पाऊस.

"एक एक माप बोला मास्तर, मी घेतो," म्हणाले.

मी म्हटलं, नटपासून बारावा फ्रेट. त्यांनी बॉडीवरचे नट-बोल्ट शोधायला सुरुवात केली. गिटारीचा नट म्हणजे तारा जिच्या खाचांतून खुंट्यांकडं जातात ती वरची पट्टी, सतारीचा मेरू म्हणा, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. वर्षभर ज्या वस्तूवर बोट ठेवून होते तिला ते 'वरची पट्टी' म्हणत होते. मी तरी कुठं शहाणा, पहिली तीन वर्षं पिकअपला 'माइक' म्हणायचो. माप आलं बरोबर ३०५. चोवीस इंचांचं निम्मं. नेकमध्ये खोट नव्हती.

मग मी सहज तारेवर हार्मोनिक वाजवून बघितला. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, छेडून लगेच उचलायचं. घंटीसारखा स्वच्छ स्वर निघतो, कारण तिथं तारेचा मध्य असतो. छेडलं तर नुसतं ठप्प. पुन्हा ठप्प. वैतागून बोट थोडं पुढं सरकवलं, घोडीकडं, आणि घंटी वाजली. खणखणीत.

मिस्त्री पुढं झुकले. "बोट हलवू नका." फ्रेटपासून माझ्या बोटाच्या मध्यापर्यंत त्यांनी पट्टी धरली. "सहा."

"सहा काय?"

"सहा मिलिमीटर. तारेचा मध्य सहानं पुढं हाय, म्हणजे तार बारानं जास्त हाय. मध्य सहानं हलायचा तर टोक बारानं हलतंय की." मग बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत मोजलं. ३१७. असायला हवं ३०५.

सात दिवस मी जे कानानं शोधत होतो ते या माणसानं एका वाक्यात मांडलं. बॉडी साडेपंचवीस इंची नेकसाठी पाडलेली होती. घोडीची भोकं त्या हिशोबानं. 'कोणतीही नेक बसते' असं विकणाऱ्यानं लिहिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. नेक बसलीच होती. फक्त २४ इंची नेकला घोडी जिथं हवी होती तिथं लाकडावर काहीच नव्हतं. सतार असती तर पडदे सरकवून भागवलं असतं. सुट्या घोडीचा बेंजो असता तर मी घोडी बोटानं ढकलून पाच मिनिटांत मोकळा झालो असतो, उभ्या आयुष्यात हजार वेळा ढकलली असेल. पण गिटारीला स्क्रूनं आवळलेली घोडी बघून ती तिथंच असणार असं मी धरून चाललो.

मिस्त्रींचा पहिला विचार अर्थातच मिलिंगचा. खाच बारा मिलिमीटर आत कापू, नेक आत जाईल, घोडी आहे तिथंच राहील. हिशोब बिनचूक. पण खाचेच्या लगेच पुढं वरच्या पिकअपची पोकळी, मधे लाकडाची भिंत जेमतेम. तिथं कापलं तर नेक धरायला काय राहणार? घोडीच पुढं आणायची ठरली.

घोडीची जुनी पाच भोकं बुजवायची होती. माझ्याकडं पेटीच्या कामातले सागवानाचे तुकडे पडलेले, त्यांच्या खुंट्या तासून फेविकॉलमध्ये बुडवून ठोकल्या. एरवी दोन-तीन तासांत काम भागलं असतं, पण त्या हवेत फेविकॉल सुकेना. शंभरचा बल्ब बॉडीजवळ टांगून आम्ही मिसळ खायला गेलो. तेवढ्या वेळात मिस्त्रींनी घोडीची प्लेटही शॉपवर नेऊन आणली. पुढं सरकल्यावर तिची कड खालच्या पिकअपला भिडणार होती, ती त्यांनी चार मिलिमीटर कानशीनं उतरवून, पॉलिश मारून आणली. सुट्टीच्या दिवशी शॉप उघडलं म्हणून वॉचमनला चहा पाजावा लागला, ते माझ्या बिलातून वजा करा म्हणाले.

आखणी मात्र माझी. मासेमारीची बारीक तंगूस नटच्या दोन टोकांच्या खाचांतून घोडीपर्यंत ताणून धरली, म्हणजे दोन्हीकडच्या तारा फ्रेटबोर्डच्या कडेपासून सारख्या अंतरावर राहतात. लांबी बरोबर आणि घोडी वाकडी असली तर एका बाजूची तार फ्रेटवरून घसरते. पातळ तारेचा सॅडल पार पुढं असताना ३०५ यावं, अशी खूण केली. पुढं का, तर यापुढं सगळे सॅडल मागंच जाणार. तार दाबली की ती ताणली जाऊन किंचित चढते, जाड तार जास्त चढते, म्हणून तिला थोडी जास्त लांबी द्यावी लागते. मिस्त्रींनी खुणा तीनदा तपासल्या. भोकं पाडताना ड्रिल त्यांच्या हातात आणि श्वास माझा रोखलेला.

पाच वाजता तारा चढल्या. बाराव्या फ्रेटवर घंटी, दाबलेला स्वर, पुन्हा घंटी. सॅडल मागं घेत घेत एकेक तार जुळवली. सगळ्यात जाड तार चार मिलिमीटर मागं जाऊन थांबली. ट्यूनरचा काटा मध्यावर.

मग अॅम्प्लिफायर लावला तर नुसता घुंऽऽ. तारांना हात लावला तरी थांबेना. हा प्रांत माझा होता, त्यामुळं मला बरं वाटलं. तारांना घोडीतून ग्राउंड मिळतो. त्याची वायर घोडीखाली दाबलेली असते, आणि मी तिच्यावरच लॅकरचा हात मारून ठेवला होता. मल्टिमीटरनं दाखवलं. वायर खरवडून पुन्हा दाबली, गुणगुण बसली.

तारांवरून थोडा वाद झाला. स्केल आखूड झालं की त्याच स्वराला तीच तार सैल लागते. दहा नंबरच्या पातळ तारेवर साडेपंचवीस इंचांत साधारण ७.३ किलोचा ताण असतो, २४ इंचांत तो साडेसहावर येतो. म्हणून बरेचजण अकरा नंबरचा संच चढवतात, नाहीतर तारा फडफडतात. मीही तेच सुचवलं. मिस्त्रींनी ताठ बोटानं तार दाबून बघितली आणि मान हलवली. "हे सैलच बरं वाटतंय मास्तर." दहाच ठेवल्या, फक्त सॅडल कणभर उंच केले. पुस्तकातलं चुकलं असेल तर चुकू दे, वाजवायचं त्यांना होतं.

त्यांनी काय वाजवलं ते सांगण्यात अर्थ नाही. नऊ वर्षांनी हात बसलेला नसतो, मधेमधे अडखळत होते. दोनदा तिसऱ्या घरावर गेले, ते ताठ बोट कठड्यावर ठेवल्यासारखं ठेवलं आणि चक्क हसले. शटरखालून पावसाचं पाणी आत आलं होतं, ते आम्हा दोघांच्याही चपलांखाली गेल्यावर लक्षात आलं.

घोडीच्या मागं सागवानाचे तीन ठिपके उघडे पडले होते. पांढऱ्या लाकडावर ते डोळ्यांत येत होते. पुटीन भरून रंग मारतो, दोन दिवसांनी न्या, असं मी म्हटलं.

"नको. रिवर्क केलंय ते दिसू दे. आमच्याकडं तसं टॅगच लावत्यात."

गिटार पुन्हा गोणपाटात गेली, वरून प्लास्टिकचा कागद, आणि सगळं स्कूटरच्या पुढच्या बाजूला दोन्ही पायांच्या मधे उभं. मी शटर ओढून कुलूप घालतोय तोवर गल्लीच्या तोंडाशी दिवा परत वळलेला दिसला. भिजून चिंब होऊन परत आले होते. व्हर्नियर काउंटरवर राहिला होता.